मेमोरियल चषक : एका फिरत्या स्मारकाची शतकभराची वाटचाल

स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा दगड उभा राहतो. एखादा स्तंभ, त्यावर कोरलेली नावे, भोवती लोखंडी साखळी आणि वर्षातून एकदा वाहिलेले पुष्पचक्र. दगड जागचा हलत नाही, हा त्याचा गुण आणि दोषही तोच. कारण रोज शेजारून जाणाऱ्याला काही वर्षांनी तो दिसेनासा होतो. कॅनडात मात्र पहिल्या महायुद्धातील मृतांचे एक स्मारक असे आहे, की जे शंभरहून अधिक वर्षे गावोगाव फिरते आहे. हिवाळ्याचा हंगाम संपून गेल्यावर, हल्ली बहुधा मे महिन्याच्या अखेरीस, सोळा ते वीस वर्षांची मुले घामेजल्या अंगाने ते डोक्यावर उचलून धरतात, ओरडतात, रडतात आणि बर्फावरून त्याची मिरवणूक काढतात. हे स्मारक म्हणजे कनिष्ठ गटाच्या आइस हॉकीतील ‘मेमोरियल चषक’.

ज्यांच्या स्मरणार्थ हा चषक घडवला गेला त्यांतील असंख्य जण मरताना याच वयाचे होते, किंवा चार-दोन वर्षांनी मोठे. मृत आणि विजेते यांच्या वयातील हे साम्य योगायोगाचे नाही. चषक देणाऱ्यांनी तो मुद्दाम कनिष्ठ गटाला दिला होता. मोठ्यांनी धाडलेल्या मुलांच्या आठवणीसाठी मोठ्यांनीच मुलांच्या हाती दिलेली ही वस्तू आहे. ती देताना एक जबाबदारीही मोठ्यांनी आपल्या शिरावर घेतली होती, असे आम्हांस वाटते. शंभर वर्षांत ती कितपत पाळली गेली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. खेळाचे डावपेच हा आमचा प्रांत नव्हे. पण सोळा ते वीस वर्षांची मुले आम्हांला रोज समोरच्या बाकांवर दिसतात, त्यामुळे हा विषय आम्हांला अगदीच परका वाटला नाही.

प्रथम स्पर्धेची मांडणी सांगितली पाहिजे. कॅनडातील वरिष्ठ दर्जाच्या कनिष्ठ हॉकीत तीन संघटना, त्यांच्या भाषेत ‘लीग’, आहेत : एक ऑन्टारिओची, एक पश्चिमेकडील प्रांतांची आणि एक क्वेबेक व अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांची. २०२४ मध्ये या तिन्हींत मिळून ६० संघ होते आणि त्यांपैकी ९ संघ अमेरिकेतील शहरांचे होते. प्रत्येक संघटनेचा विजेता आणि ज्या गावी स्पर्धा भरते त्या गावचा यजमान संघ, असे चार संघ आठ-दहा दिवस एकमेकांशी खेळतात आणि त्यांतून एकाला चषक मिळतो. म्हणजे चषक एका देशाच्या सैनिकांचा, पण त्यासाठी झगडणारे संघ दोन देशांचे. हे असे कसे झाले, त्याकडे पुढे येऊ.

चषकाची कथा सुरू होते ती ऑन्टारिओ प्रांतातील किंग्स्टन या तलावाकाठच्या जुन्या गावापासून. जेम्स सदरलँड हे तेथील हॉकीचे मोठे प्रस्थ. गावातील फ्रॉन्टनॅक संघ त्यांनी बांधला, शिकवला, आणि पुढे प्रांताच्या व देशाच्या हौशी हॉकी संघटनांची अध्यक्षपदे त्यांच्याकडे आली. हौशी या शब्दाला त्या काळी नैतिक वजन होते. पैशासाठी खेळणे हे कमी प्रतीचे आणि खेळासाठी खेळणे हे सभ्य माणसाचे, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. व्यावसायिकांकडे स्टॅन्ली चषक गेला होता, वरिष्ठ हौशी खेळाडूंना ॲलन चषक मिळाला होता. कनिष्ठ मुलांसाठी मात्र सबंध देशाची अशी कोणतीच स्पर्धा नव्हती.

१९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा कॅनडाची लोकसंख्या जेमतेम ऐंशी लाखांच्या घरात होती. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक माणसे सैन्यात गेली आणि त्यांतील साठ हजारांहून अधिक परतली नाहीत. सक्तीची भरती १९१७ मध्ये आली. तोवर सारी मदार स्वेच्छेने येणाऱ्यांवर होती, आणि स्वेच्छा जागवण्याचे काम अनेक मार्गांनी चालले होते. खेळ हा त्यांतील एक प्रमुख मार्ग. सैन्याची २२८ वी बटालियन तर १९१६-१७ च्या हंगामात व्यावसायिक हॉकीच्या मैदानात आपला स्वतंत्र संघ घेऊनच उतरली होती. १९१७ च्या फेब्रुवारीत समुद्रापार निघण्याचा हुकूम आला आणि हंगाम अर्ध्यावर टाकून तो संघ निघून गेला. देशाच्या हौशी हॉकी संघटनेचे अध्यक्ष या नात्याने सदरलँड यांनीही हॉकीपटूंनी सैन्यात दाखल व्हावे, अशी आवाहने वारंवार केली. ते नुसते उपदेश करून थांबले नाहीत. स्वतःही गणवेश चढवून युरोपात गेले आणि कॅप्टन म्हणून परतले.

त्यांच्या गावातील दोन खेळाडू मात्र परतले नाहीत. पहिला ॲलन डेव्हिडसन, ज्याला सारे ‘स्कॉटी’ म्हणत. सदरलँड यांच्या फ्रॉन्टनॅक संघात तो कनिष्ठ खेळाडू म्हणून घडला होता आणि १९१४ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, टोरांटोच्या संघाचा नायक म्हणून त्याने स्टॅन्ली चषक जिंकला होता. कीर्तीच्या शिखरावर असतानाच तो सैन्यात गेला आणि १९१५ च्या जूनमध्ये फ्रान्समधील गिव्हॉन्शी गावाजवळ मारला गेला. दुसरा जॉर्ज रिचर्डसन. धान्याच्या व्यापारात नावाजलेल्या सधन घराण्यातला, क्वीन्स विद्यापीठाच्या संघातून १९०९ चा ॲलन चषक जिंकलेला. तो १९१६ च्या फेब्रुवारीत बेल्जियममध्ये पडला. त्याच्या भावाने पुढे विद्यापीठाला त्याच्या नावाचे क्रीडांगण बांधून दिले. डेव्हिडसनची कबर नाही. व्हिमीच्या टेकडीवरील प्रचंड स्मारकावर, ज्यांचे देह मिळाले नाहीत अशा हजारो नावांत त्याचे नाव आहे.

गिव्हॉन्शी हे नाव मराठी वाचकाला दूरचे वाटेल. पण तेथून काही किलोमीटरांवरच न्यूव्ह शापेल आहे, जेथे ऑक्टोबर १९१४ मध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन तुकड्यांनी शीख पलटणीबरोबर हल्ला चढवला आणि त्यात त्यांची भयंकर हानी झाली. डेव्हिडसन ज्या चिखलात मेला त्याच टापूतील चिखलात त्याच्या आठ महिने आधी आपलीही माणसे मेली होती. त्यांचे स्मारक तेथेच आहे, दगडाचे.

युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, ऑन्टारिओच्या हॉकी संघटनेने मृत खेळाडूंच्या स्मरणार्थ एक चषक दिला आणि देशातील सर्वोत्तम कनिष्ठ संघाला तो मिळावा, असे ठरवले. या कल्पनेचे श्रेय सदरलँड यांना दिले जाते. येथे क्षणभर थांबण्याजोगे आहे. ज्याने मुलांना हाक दिली त्यानेच मुलांचे स्मारक उभारले. याकडे आजच्या नजरेने पाहून त्यास ढोंग म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्या पिढीतील असंख्य शिक्षक, पाद्री, मुख्याध्यापक आणि संघनायक याच अवस्थेत होते. आपण ज्यांना पाठवले ते आले नाहीत, आपण आलो. या जाणिवेचे ओझे कोठे ठेवावे हे त्यांना कळत नव्हते. किंग्स्टनच्या या माणसाने ते एका चषकात ठेवले आणि तो चषक पुढच्या मुलांच्या स्वाधीन केला. त्यात पश्चात्ताप किती आणि अभिमान किती, याचा हिशेब आता मांडता येणार नाही. दोन्ही असावेत, असे वाटते.

पहिली अंतिम लढत १९१९ च्या मार्च महिन्यात टोरांटोत झाली. दोन सामने खेळून एकूण गोलांची बेरीज पाहायची, अशी पद्धत होती. टोरांटो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका शाळेच्या संघाने पश्चिमेकडून आलेल्या रेजायनाच्या मुलांना १४-३ आणि १५-५ असे हरवले. लढत एकतर्फी झाली. पण हरलेल्या संघाचे नाव पाहण्यासारखे आहे. रेजायना पॅट्रिशिया हे ते नाव. १९१७ मध्ये, युद्ध चालू असतानाच, स्थापन झालेल्या या संघाने राजकन्या पॅट्रिशियाच्या नावाने उभ्या राहिलेल्या प्रसिद्ध कॅनडियन पलटणीचे नाव घेतले होते. म्हणजे मृत सैनिकांच्या पहिल्याच चषकासाठी जे दोन संघ उतरले त्यांतील एक शाळा होती आणि दुसऱ्याने पलटणीचे नाव धारण केले होते. शाळा आणि पलटण यांमधील अंतर त्या वर्षांत किती थोडे उरले होते, हे सांगायला दुसरा पुरावा नको.

पुढील दोन दशकांत चषकाने एक वेगळेच काम केले. पूर्वेचा विजेता आणि पश्चिमेचा विजेता यांची गाठ घालून देणारी ही स्पर्धा होती, आणि ही गाठ पडायची म्हणजे कोणीतरी आगगाडीने अर्धा खंड ओलांडायचा. विनिपेग, रेजायना, पोर्ट आर्थर, ओशावा अशी गावे एकमेकांना वर्तमानपत्रांतील गुणफलकांतून ओळखू लागली. दुसऱ्या महायुद्धातही स्पर्धा थांबली नाही. एका युद्धातील मृतांच्या नावाने मुले खेळत होती आणि त्याच वयाची दुसरी मुले दुसऱ्या युद्धात जात होती. कित्येकदा ती तीच मुले असत.

याच काळात स्मृतीच्या शेजारी व्यापार येऊन बसला. संघांची नावेच पाहावीत. ‘ओशावा जनरल्स’ हे नाव वाचून सेनापती आठवतील, पण ते जनरल मोटर्स या मोटारी बनवणाऱ्या कंपनीवरून आलेले आहे. १९५२ चा विजेता ग्वेल्फचा संघ टोप्या बनवणाऱ्या बिल्टमोर कंपनीचे नाव लावून खेळत होता. १९५४ आणि १९६० चा विजेता सेंट कॅथरिन्सचा ‘टीपीज’ संघ. त्याचे नाव म्हणजे एका कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे होती. यात गैर असे काही नाही. खेळाला पैसा लागतो. खरा बदल निराळा होता. व्यावसायिक संघांनी कनिष्ठ संघांना पैसा पुरवायला सुरुवात केली आणि त्या बदल्यात त्या मुलांवर हक्क मिळवला. ‘सी फॉर्म’ नावाच्या एका कागदावर सही केली, की त्या मुलाचे खेळाडू म्हणून सारे भवितव्य एका व्यावसायिक संघाकडे बांधले जाई. मुलगा अल्पवयीन असला तर सही आईबाप करीत. १९६३ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीची ‘ड्राफ्ट’ पद्धत सुरू झाली आणि साठचे दशक संपता संपता ही जुनी बांधिलकी मोडीत निघाली. पण कनिष्ठ हॉकी ही व्यावसायिक हॉकीची रोपवाटिका आहे, ही समजूत कायमची रुजली. ज्या हौशी वृत्तीच्या आदर्शातून चषक जन्मला तो आदर्श नावापुरता उरला.

१९७२ मध्ये पूर्व-पश्चिम लढतीची जुनी पद्धत जाऊन तिन्ही संघटनांच्या विजेत्यांची एकत्रित स्पर्धा सुरू झाली. १९८३ मध्ये त्यात यजमान संघ हा चौथा भिडू आला, आणि त्याच वर्षी चषकाने प्रथमच देशाची सीमा ओलांडली. १९७६ मध्ये एडमंटनचा एक जुना संघ अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला जाऊन वसला होता. त्या संघाला यजमानपद मिळाले. पश्चिमेचे विजेतेपद त्याने मिळवलेले नव्हते, ते लेथब्रिजच्या ब्रॉन्कोज संघाचे होते; तरी यजमान म्हणून तो उतरला आणि अंतिम सामन्यात ओशावाला हरवून जिंकला. चषक घरच्या मैदानावर जिंकणारा हा पहिला पाहुणा यजमान आणि चषक नेणारा पहिला अमेरिकी संघ.

कॅनडात यावर नाराजीचे सूर उमटणे स्वाभाविक होते. आपल्या हुतात्म्यांचा चषक दुसऱ्या देशात जावा, ही कल्पना कोणालाही टोचेल. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक तर, त्या अमेरिकी संघातील बहुतेक मुले कॅनडाचीच होती. दुसरी गोष्ट अशी, की हा अंतिम सामना ज्या इमारतीत झाला तिचे नाव मेमोरियल कोलिझियम. १९६० मध्ये उघडलेली ही इमारत पोर्टलंडकरांनी आपल्या युद्धांतील मृतांना अर्पण केलेली आहे. एका देशाच्या मृतांचे स्मारक दुसऱ्या देशाच्या मृतांच्या स्मारकात जिंकले गेले. हे कोणी ठरवून केले नव्हते. सीमेच्या दोन्ही बाजूंना तरुणांच्या स्मरणार्थ एवढ्या वास्तू आणि वस्तू साचल्या होत्या, की त्यांची एकमेकींशी गाठ पडणे अटळच होते. १९८३ पासून २०२४ मधील सॅगिनॉच्या विजयापर्यंत अमेरिकी शहरांतील संघांनी हा चषक पाच वेळा नेला.

आता ही मुले राहतात कशी, ते पाहू. पंधराव्या वर्षाच्या आगेमागे संघ मुलांची निवड करतात आणि सोळाव्या वर्षी बहुतेक मुले घर सोडतात. निवड करणारा संघ शेकडो कोसांवर असू शकतो, आणि पुढे त्या मुलाची अदलाबदलही दुसऱ्या संघाशी होऊ शकते. त्या अनोळखी गावी एखादे कुटुंब मुलाला आपल्या घरी ठेवून घेते. आपल्याकडे एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्याची आठवण करून देणारी ही रीत आहे. फरक इतकाच, की येथे सात घरांऐवजी एकच घर असते आणि संघ त्या घराला काही भत्ता देतो. या घरांना ‘बिलेट’ म्हणतात. हा शब्द सैन्यातला आहे. मुक्कामाच्या गावी लोकांच्या घरी सैनिकांना जागा दिली जाई, तिला बिलेट म्हणत. सैन्यातून खेळात आलेला हा एक साधा शब्द. पण वस्तुस्थिती तो नेमकी सांगतो. मुलगा घरापासून दूर आहे, हुकूम देणारा एक माणूस आहे, आणि घरचे लोक त्या माणसावर विश्वास टाकून बसले आहेत.

हिवाळ्यात हे संघ बसने हिंडतात. प्रेअरीच्या सपाट प्रदेशात एका गावाहून दुसऱ्या गावी जायला कित्येक तास लागतात. वर ज्याचा उल्लेख आला तो लेथब्रिजचा ब्रॉन्कोज संघ १९८६ मध्ये आपल्या मूळ गावी, सस्कॅचवान प्रांतातील स्विफ्ट करंटला परतला होता. गाव पंधरा-सोळा हजार वस्तीचे. त्या पहिल्याच हंगामात, ३० डिसेंबर १९८६ रोजी, रेजायना पॅट्सशी खेळायला निघालेली त्यांची बस गावाबाहेर पडताच, रस्त्यावर जमलेल्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फाच्या थरावरून घसरली आणि उलटली. चार खेळाडू जागीच गेले. सर्वांत लहान सोळा वर्षांचा होता आणि सर्वांत मोठा वीस. उरलेल्यांनी अंगावरील सदऱ्यांना चार पानांच्या तिपतियाचे चिन्ह शिवले, प्रत्येक पानावर एका मृत मित्राचा क्रमांक, आणि हंगाम पुरा केला.

अडीच वर्षांनी, १९८९ च्या मे महिन्यात, हाच संघ सॅस्कॅटून येथे मेमोरियल चषकाच्या अंतिम सामन्यात उतरला आणि यजमानांना जादा वेळेत ४-३ असे हरवून जिंकला. निर्णायक गोल करणारा टिम टिस्डेल त्या बसमध्ये होता. कॅनडाने ही गोष्ट जिवाभावाने उचलली. मृतांच्या नावाचा चषक, आपले मृत सोबत घेऊन खेळणारी मुले. याहून उचित विजेता कोण असणार? संघाचा प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स याचेही कौतुक झाले. हॉकीच्या एका प्रमुख साप्ताहिकाने त्या वर्षीचा श्रेष्ठ पुरुष म्हणून त्यालाच निवडले.

१९९६ मध्ये शेल्डन केनेडी पोलिसांकडे गेला. तोही त्या बसमध्ये होता आणि चषक जिंकणाऱ्या संघातही होता. त्यानंतर तो व्यावसायिक हॉकीतही खेळला होता. ग्रॅहम जेम्सने आपल्यावर कोवळ्या वयापासून कित्येक वर्षे लैंगिक अत्याचार केले, अशी त्याची तक्रार होती. १९९७ च्या जानेवारीत जेम्सने गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्याच संदर्भात इतर खेळाडूही बोलले आणि त्याला आणखी शिक्षा झाल्या. अपघातानंतर हादरलेल्या मुलांना समुपदेशन मिळाले नव्हते. बाहेरच्या तज्ज्ञांना त्यांच्यापर्यंत येऊ दिले नाही ते याच प्रशिक्षकाने, असेही खेळाडूंनी नंतर सांगितले. साऱ्या देशाने ज्या गोष्टीवर अश्रू ढाळले होते तिच्या आत ही दुसरी गोष्ट दडलेली होती.

या टप्प्यावर चषकाच्या इतिहासाचा अर्थ आम्हांला बदललेला दिसतो. १९१९ चे मोठे लोक आणि १९८९ चे मोठे लोक यांची तुलना करण्याचा मोह टाळला पाहिजे; सदरलँड यांनी मुलांना जे सांगितले ते स्वतः केले होते, आणि जेम्सचा गुन्हा हा गुन्हा आहे. पण दोन्हीकडे एक व्यवस्था सारखी आहे. मुलगा घरापासून दूर, वडीलधाऱ्याच्या हुकमाखाली, आणि ‘सहन करणे म्हणजे पुरुषार्थ’ हे त्याला पढवलेले. सैन्याला ही व्यवस्था लढण्यासाठी लागते. खेळाला ती लागत नाही. खेळाने ती सैन्याकडून उसनी घेतली आणि परत करायचे विसरून गेला. मृतांच्या गौरवाने या व्यवस्थेला एक पावित्र्य येते आणि पवित्र गोष्टीला प्रश्न विचारण्यास माणूस कचरतो. स्विफ्ट करंटच्या शोककथेचे तेज इतके होते, की तिच्या सावलीत काय चालले आहे हे पाहण्याची कोणाला इच्छाच झाली नाही. स्मृतीचा असाही उपयोग होऊ शकतो, हे स्मारके उभारणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

केनेडीने मात्र स्मृतीचा निराळा उपयोग करून दाखवला. १९९८ मध्ये तो चाकांच्या स्केटवरून सबंध कॅनडा ओलांडून गेला आणि ठिकठिकाणी लोकांशी बोलला. २००४ मध्ये त्याने एका सहकाऱ्यासह प्रशिक्षकांना व पालकांना छळ ओळखण्याचे शिक्षण देणारी संस्था काढली, आणि तिचे अभ्यासक्रम हॉकीतील असंख्य प्रशिक्षकांनी पुरे केले. मुलांची जबाबदारी घेणाऱ्याची आधी चौकशी व्हावी, त्याला प्रशिक्षण मिळावे, हे तत्त्व रूढ व्हायला या एका खेळाडूचे बोलणे कारण झाले. सदरलँड यांच्या चषकावर अनेक संघांची नावे कोरलेली आहेत. त्या चषकाचे खरे ऋण ज्यांनी फेडले त्यांत हा एक आहे, असे आम्ही म्हणू.

२००८ मध्ये एक लहानशी घटना घडली. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनचा संघ जिंकला आणि आनंदाच्या भरात चषक एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचा वरचा भाग बैठकीपासून सुटून आला. प्रेक्षकांच्या पोटात क्षणभर गोळा आला. मग कळले, की ती मूळ चषकाची प्रतिकृती होती. मुले हसली, आणि दोन तुकडे हाती घेऊन त्यांची मिरवणूक चालू राहिली. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये ब्रॅन्डन येथे स्पर्धा भरली तेव्हा, चषक नव्याने अर्पण करण्यात आला. पहिल्या महायुद्धातील मृतांपुरता मर्यादित न राहता, कोणत्याही युद्धात कॅनडासाठी मरण पावलेल्या सर्व सैनिकांचे तो स्मारक झाला. त्या वेळी कॅनडाचे सैनिक अफगाणिस्तानात मरत होते. त्या मोहिमेत एकूण १५८ सैनिक गेले. स्मारकाची व्याख्या रुंदावावी लागली याचा अर्थ नवे मृत येत राहिले, एवढाच होतो.

२०१८ च्या एप्रिलमध्ये सस्कॅचवानमध्येच हम्बोल्टच्या संघाच्या बसला अपघात होऊन १६ जण मृत्युमुखी पडले. तो संघ मेमोरियल चषकाच्या दर्जाहून एक पायरी खालच्या गटातला. पण मुले त्याच वयाची आणि बसही तशीच. देशभर लोकांनी रात्री घराच्या दारात हॉकीची काठी टेकवून ठेवली, कोणी परत आलाच तर हाताशी असावी म्हणून. पुढल्याच महिन्यात त्याच प्रांतात, रेजायनाला, मेमोरियल चषकाची शंभरावी स्पर्धा भरली. १९१९ च्या पहिल्या लढतीत हरलेला पलटणीच्या नावाचा संघ आता यजमान होता, अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि पुन्हा हरला. त्याला ३-० असे हरवणारा संघ न्यू ब्रन्सविक प्रांतातील बॅथर्स्ट या छोट्या गावचा होता.

दोन महायुद्धांनी जी परंपरा मोडली नव्हती ती २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीने मोडली; त्या दोन्ही वर्षी स्पर्धा झाली नाही. या वेळी मोठ्यांनी मुलांना घरी थांबण्यास सांगितले, हे नमूद करण्याजोगे आहे.

बॅथर्स्टचा तो विजेता संघ पुढे विकला गेला आणि २०२५ मध्ये न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्सला नेण्यात आला. तेथे त्याने नवे नाव घेतले : ‘न्यूफाउंडलंड रेजिमेंट’. त्या काळी न्यूफाउंडलंड कॅनडात नव्हते. त्याची स्वतःची पलटण होती, आणि १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील बोमाँ-हामेल येथे ती खंदकांतून बाहेर पडली तेव्हा तिच्यात सुमारे आठशे माणसे होती. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ जणांनी उत्तर दिले. आज ते नाव छातीवर लावून त्या बेटावर सोळा-सतरा वर्षांची मुले बर्फावर उतरतात.  सारी बसमधून सुखरूप उतरलेली असतात, आणि सामना संपल्यावर ज्याच्या त्याच्या मुक्कामाच्या घरी कोणीतरी दिवा लावून ठेवलेला असतो. तेवढे झाले, की त्या दिवसापुरते स्मारकाचे काम झाले.